वाण्याकडचे पुडे, दोरा आणि सामान घरी आणून देणारा पोऱ्या: कोणाला काय आठवतंय? (देखाव्यासाठी हवंय)

शिवडीकर_मंडळवाला

नमस्कार मंडळी,

यंदा गणपतीत आमच्या मंडळाचा देखावा म्हणजे जुनं वाण्याचं दुकान असं ठरलंय. मंडळ छोटं, वर्गणी त्याहून छोटी, आणि २०१८ पासून थर्माकोल बंद, त्यामुळे जे काय करायचं ते पुठ्ठा बांबू कापड आणि कागदातच. वाण्याच्या दुकानाला तसाही कागदच जास्त लागायचा म्हणा.

पण प्रॉब्लेम असा झालाय की डिझाईन काढणारी पोरं सगळी दोन हजारच्या आसपास जन्मलेली. त्यांनी चित्रात काचेच्या बरण्या काढल्यात, तराजू आहे, गल्ल्यावर शेठ आहे आणि गिऱ्हाईक बाईच्या हातात चक्क प्लास्टिकची कॅरीबॅग. मी म्हटलं अरे १९७५-८० चं दुकान दाखवताय ना, मग कॅरीबॅग कुठून आली, तेव्हा पुडा बांधून द्यायचे. तर एक जण विचारतो पुडा म्हणजे पार्ले-जीचा का. काय बोलणार.

तर मला खरोखरची माहिती हवीय. सामान बांधायचे कसे, दोरा कुठे असायचा, कुठली वस्तू कशात. आणि दुसरं म्हणजे सामान घरी पोचवायची पद्धत. आमच्याकडे वडील खांद्यावर पिशवी टाकून स्वतःच आणायचे त्यामुळे घरपोच प्रकार मी फार पाहिलेला नाही, पण दादर गिरगावकडचे मित्र सांगतात की पोऱ्या यायचा घरी. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागायचे का? काय घालायचा, कशातून आणायचा? फोटो असतील तर सोन्याहून पिवळं.

ठाकूरद्वारची_काकू

अरे वा छान विषय घेतलात. सांगते सगळं, लांबलं तर सांभाळून घ्या.

दोरा वरून यायचा. छताच्या तुळईला रीळ टांगलेली, कुठे कुठे बुडाला भोक पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली आणि त्या भोकातून टोक खाली लोंबायचं, बरोबर बांधणाऱ्याच्या हाताशी. रीळ गल्ल्याजवळ ठेवलीत तर चुकेल, शेठ बांधत नसायचा, तो फक्त लिहायचा आणि पैसे घ्यायचा. बांधणारा माणूस वेगळा आणि तो उभा.

आता पुडा. समजा किलोभर साखर. तराजूच्या एका पारड्यात वजन आणि त्याबरोबर कागदाचा एक ताव, दुसऱ्या पारड्यात तसाच ताव आणि त्यावर साखर, म्हणजे कागदाचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी नको. (सगळे असं करायचे असं मी म्हणत नाही हां.) मग कागदाच्या दोन लांब कडा जुळवायच्या आणि दुमडत दुमडत खाली साखरेपर्यंत आणायच्या, एक बाजू त्रिकोणी करून आत खोचायची, पुडा त्या बाजूवर उभा करून फळीवर दोनदा आपटायचा, साखर खाली बसली की दुसरी बाजू तशीच खोचायची. मग दोरा उभा एक वेढा, पोटावर पीळ देऊन आडवा एक वेढा, आणि गाठ. कात्री बित्री काही नाही. तोच दोरा बोटाभोवती असा घ्यायचा की दोरा दोऱ्यावर येईल आणि एक हिसडा, टक्कन तुटायचा. मी घरी करून बघायची तर बोटच कापायचं, दोरा जागच्या जागी. तुमच्या पोरांना हे शिकवाच, देखाव्यात एक जण नुसता हे करत उभा राहिला तरी लोक हलणार नाहीत.

वर्तमानपत्राच्या पिशव्या पण असायच्या, त्या डाळी कडधान्याला. त्या चाळीतल्या बायकाच करायच्या, मैद्याची खळ शिजवून, आमच्या मजल्यावर दुपारी सगळ्या गॅलरीत त्या वाळत पडलेल्या असायच्या आणि वारा आला की आम्ही पोरं वेचायला धावायचो. गोडेतेलाला आपली किटली न्यायची. गूळ ढेपेतून फोडून कागदात, घरी आणेपर्यंत त्याच्यावर बातमी छापलेली. हिंग, जायफळ, वेलची असल्या महाग वस्तूंच्या एवढ्या एवढ्या पुड्या, त्या शेठ स्वतः बांधायचा आणि सगळ्यात शेवटी हातात द्यायचा, पिशवीत टाकू नका म्हणायचा.

घरी आल्यावर दोरा सोडवून गुंडा करून ठेवायचा. आमच्या सासूबाई त्याच दोऱ्यात गणपतीचे हार ओवायच्या.

लालबागचा_उंदीर

काकूंनी सामान बांधून दिलं, मी वर आणून देतो 😄

आमच्या चाळीत महिन्याचं सामान भरणारी घरं आणि रोज पुडी आणणारी घरं असे सरळ दोन प्रकार होते आणि पोऱ्या फक्त पहिल्या प्रकाराच्या घरी यायचा. पगार झाला की आई यादी करायची, ती यादी आम्ही दुकानात नेऊन द्यायची, शेठ त्यावर टिका मारत मारत आतल्या माणसाला ओरडून सांगायचा आणि संध्याकाळी सामान घरी. पैसे लगेच नाहीत, वहीवर. वही लाल कापडी बांधणीची लांबुळकी, घराचं एक पान. पोचवायचे वेगळे पैसे कधीच नव्हते, ते धरलेलंच असायचं. आई चहाला म्हणून चार आणे आठ आणे हातावर ठेवायची आणि दिवाळीत फराळाची पुडी.

आणायचा गोणीतून. तांदूळ गहू गोणीत खाली, त्यावर डाळींचे पुडे, सगळ्यात वर चहा आणि पापडबिपड. साबण मात्र वेगळ्या पिशवीत गळ्यात अडकवून, कारण साबण पिठाजवळ ठेवला तर भाकरीला साबणाचा वास. हे त्याला कोणी शिकवलं असेल माहीत नाही पण कधी चुकला नाही. चपला खालीच काढायचा. तिसऱ्या मजल्यावर आला की गोणी टेकवायच्या आधी हाक मारायचा, बाई जागा करा, कारण एकदा टेकली की परत उचलायला दुसरा माणूस लागायचा. खाकी हाफ पॅन्ट आणि गंजी. मग आईसमोर बसून एकेक पुडा काढून नाव घेत यादीशी जुळवायचा. वाचता येत नव्हतं त्याला, पुड्याचा आकार आणि हाताला लागतं त्यावरून सांगायचा, ही तूरडाळ, हा रवा, ही चणाडाळ.

आता एक गोष्ट सांगतो जी देखाव्यात येणार नाही कदाचित. वडील मिलमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास माणसं बाहेर. पहिले एक-दोन महिने गोणी आली. मग गोणी यायची बंद झाली कारण गोणीत भरावं एवढं सामानच नव्हतं. आई स्वतः जायला लागली, छटाकभर चहा, पावशेर साखर (ग्रॅम सुरू होऊन जमाना झाला तरी आई तसंच बोलायची), तेल तर वाटीभर. वही शेठने बंद केली नाही, पुष्कळ महिने चालू ठेवली, त्याचं पण अडकलंच असणार कारण गल्लीतली सगळीच पानं आमच्यासारखी. पण पोऱ्या समोर दिसला की आई नजर चुकवायची हे मला आठवतंय. कोणाकडे गोणी जाते आणि कोणाकडे नाही हे अख्ख्या चाळीला जिन्यावरून कळायचं ना.

खडूस_काका_मुलुंड

सगळे एकदम भावुक झालेत म्हणून थोडं थंड पाणी ओततो.

तराजूच्या पारड्याखाली मेण चिकटवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. डाळीत खडे, मिरीत पपईच्या बिया, आणि वर शेठ गोड बोलणार. उधारी असली की भाव विचारायची सोय नाही, तो लावेल तो दर. पुडा सुबक बांधला म्हणून माल चांगला असं काही नव्हतं.

आणि म्हणूनच मराठी माणसांनी दुसरे रस्ते काढले हे पण देखाव्यात दाखवा की. अपना बाजार १९४८ ला नायगावात सुरू झालं, कामगारांची सहकारी सोसायटी म्हणून. तुमच्या शिवडीपासून काय लांब आहे, चालत जाल. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची. आमचं घर पंचायतीत होतं. तिथे दुकानच नाही! आजूबाजूची दहा-बारा घरं मिळून एक संघ, महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची, ठरलेल्या दिवशी टेम्पो येणार आणि सगळ्यांचं सामान एका घरी उतरणार. उतरवायचं कोणी? आपणच. बँकेत साहेब असलेला माणूस पण खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन जिना चढायचा आणि मग हॉलमध्ये सतरंजीवर ज्याचं त्याचं सामान लावायचं, पोरांना नावाच्या चिठ्ठ्या वाटायचं काम. ना शेठ ना पोऱ्या. मला विचाराल तर सामान घरी आणायची मुंबईतली सगळ्यात भारी पद्धत तीच होती, आणि अजून चालू आहे.

शिवडीकर_मंडळवाला

काकू तुम्ही तर अख्खी वर्कशॉपच घेतलीत, पुडा बांधायचा व्हिडिओ करून टाकाल का प्लीज? पोरांना वाचून कळत नाहीये.

लालबागचा_उंदीर, तुमचं वाचून आमच्या घरात जरा वेळ कोणी बोललं नाही. वडील पण मिलचेच. वहीचं पान दाखवायचं असा विचार करतोय, नावं खोटी टाकून.

खडूस काका, मेणाची आयडिया चोरतोय. तराजू उलटा केला की दिसेल असं काहीतरी.

मंडईतली_भाजी

घरपोचचं झालं पण मोठ्या बाजारातलं कोणी बोललंच नाही. क्रॉफर्ड मार्केटचे पाटीवाले! मार्केट १८६९ चं, आता नाव महात्मा फुले मंडई पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.

माझं माहेर ग्रँट रोडचं. लग्नकार्य किंवा दिवाळी असली की आई आणि मावशी तिकडे जायच्या आणि मी मागे. आत शिरलं की पाटीवाला चिकटायचाच, बाई पाटी, बाई पाटी. वेताची मोठी गोल पाटी डोक्यावर, खाली कापडाची चुंबळ, दंडाला किंवा शर्टाला बिल्ला. आई आधी भाव ठरवायची आणि बिल्ल्याचा नंबर मोठ्याने वाचायची, त्यालाही कळावं की वाचलाय म्हणून. मग तो दिवसभर आमचा. ह्या गाळ्यावरून फळं, त्या गाळ्यावरून सुका मेवा, मग बाहेर येऊन मसाल्याला मस्जिद बंदरच्या बाजूला, जे घेऊ ते पाटीत. आणि तो नुसता टाकायचा नाही, प्रत्येक नवीन वस्तू आली की पाटी खाली घेऊन परत लावायचा. नारळ कडेने गोल, मधे जड पुडे, द्राक्षं किंवा केळी असतील तर ती सगळ्यात वर आणि त्यांच्यावर पाटीतलाच पेंढा. गर्दीत तो पुढे आणि आपण मागे पळायचं, कारण डोक्यावर वजन असलेला माणूस थांबू शकत नाही, तो चालतच राहणार, वाट द्या वाट द्या करत. मला फक्त ती पाटी दिसायची लोकांच्या डोक्यांवरून तरंगत जाताना आणि तिच्याकडे बघत चालायचं म्हणजे चुकायचं नाही.

टॅक्सीत सामान लावून दिलं की पैसे. आई ठरवलेल्यापेक्षा जरा जास्त द्यायची पण आधी घासाघीस केल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही, ते वेगळंच.

तुमच्या देखाव्यात पाटीवाला बसत नाही कारण तो वाण्याकडचा नाही, पण पाटी हवी असेल तर माझ्याकडे एक आहे, वेताची, वापरलेली.

बिलिंग_काउंटर_नं_४

मी जरा वेगळ्या जमान्यातला. २००४-०५ च्या सुमाराला कॉलेज करत असताना मी एका मॉलमधल्या सुपरमार्केटात सीझनला पिशव्या भरायचं काम केलंय. तेव्हा मुंबईत हे सगळं नवीनच होतं, डी-मार्टचं पवईचं पहिलं दुकान २००२ चं, त्यामुळे लोक बघायलाच यायचे, ट्रॉलीत पोरांना बसवून फिरवायचे.

कॅशियर स्कॅन करणार आणि तिच्या बाजूला उभं राहून मी भरणार. ट्रेनिंग दिलं होतं अर्धा दिवस. जड खाली, ब्रेड अंडी वर, थंड वस्तू एकत्र, फिनेल आणि झाडूवाल्या वस्तू खाण्यात नको, साबण-उदबत्ती चहाच्या जवळ नको (वरच्या कॉमेंटमधला पोऱ्या आमच्या ट्रेनरच्या आधीच शिकलेला दिसतोय). चौकोनी खोकी कडेला भिंतीसारखी लावायची आणि मऊ सामान मधे, मग पिशवी उभी राहते. दुधाची पिशवी कायम वेगळी कारण एक तरी फुटलेली असणारच.

पण खरी गंमत म्हणजे लोकांना आम्ही भरलेलं पटायचंच नाही. विशेषतः आपल्या बायका. मी पिशवी भरून दिली की बाजूला जाऊन सगळं परत काढून आपल्या पद्धतीने भरणार, आणि माझ्याकडे असं बघणार की आईने काही शिकवलं नाही का. एक आजी तर साडीच्या दुकानाच्या चार कापडी पिशव्या घडी घालून आणायच्या, मला एकेक हातात द्यायच्या आणि सांगायच्या हे यात, ते त्यात, दोन्ही हातांना सारखं वजन आलं पाहिजे मला ट्रेनने जायचंय. मी काट्यावर ठेवून बघायचो, खरंच सारखं निघालं की त्या खूश. सामान खाली टॅक्सीपर्यंत न्यायला सांगायचे लोक, तेव्हा परवानगी होती, पण टिप घ्यायची नाही असा नियम. देणारे खिशात कोंबायचेच.

मग २६ जुलै झाला. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस एका दिवसात आणि नाले तुंबले त्याचं खापर बरंचसं प्लास्टिकच्या पिशव्यांवर फुटलं, काही चुकीचं नव्हतं. त्यानंतर जाड पिशव्या, मग विकतच्या पिशव्या आणि २०१८ ला तर राज्यात बंदीच, पहिल्या वेळेला पाच हजार दंड. पिशवीच राहिली नाही तर भरणारा कशाला हवा. आता कॅशियर विचारते बॅग आणलीय का आणि बिल होईपर्यंत आपलं सामान आपणच कोंबत असतो, मागचा माणूस उसासे टाकत असतो.

आजोबा_एडिसनवाले

मुलगी न्यू जर्सीला असते, सहा महिने इकडे सहा महिने तिकडे असं आमचं चालू आहे. तिकडे हा पिशवी भरणाऱ्या पोरांचा प्रकार पिढ्यान्पिढ्या आहे, शाळकरी मुलं सुट्टीत करतात आणि पुढे मोठे साहेब झाले तरी अभिमानाने सांगतात. आधी विचारायचे कागदी की प्लास्टिक. आता आमच्या राज्यात मे २०२२ पासून मोठ्या दुकानांत दोन्ही बंद, त्यामुळे आमची ही भारतातून नेलेल्या कापडी पिशव्या घेऊन जाते आणि तिथल्या बायका विचारतात कुठून घेतल्या. फ्लोरिडात भाचा आहे, तिथे पब्लिक्स म्हणून दुकानं आहेत, तिथला मुलगा सामान भरून वर गाडीपर्यंत ढकलत आणून डिकीत लावून देतो आणि टिप द्यायला गेलं तर घेत नाही. आणि लष्कराची जी कॅन्टीनसारखी दुकानं असतात तिथे उलट, तिथल्या पिशवी भरणाऱ्याला पगार नाही, नुसत्या टिपवर काम. एकाच देशात दोन तऱ्हा.

काकूंनी पुडा आपटून बूड सपाट करायचं लिहिलंय ना, ते वाचून आठवलं. सपाट बुडाची कागदी पिशवी बनवायचं मशीन तिकडे मार्गारेट नाइट नावाच्या बाईने काढलं, पेटंट १८७१ चं. तिच्या मशीनची नक्कल करून दुसऱ्याच एका माणसाने पेटंट घ्यायचा प्रयत्न केला होता आणि बाई कोर्टात जाऊन जिंकली. आपल्याकडे तेच काम फळीवर दोनदा आपटून व्हायचं, पेटंट कोणाच्या नावावर लावणार!

लालबागचा_उंदीर

आजोबा 😂

मंडळवाले, एक सुचवू का, पोऱ्या दाखवा. दुकानात नका दाखवू, बाजूला जिना करा चार पायऱ्यांचा आणि त्यावर गोणी घेऊन चढणारा. सगळ्या देखाव्यांत शेठ असतो.

शिवडीकर_मंडळवाला

जिन्याची आयडिया पोरांना जाम आवडलीय, बांबूचा होऊ शकतो. पण कमिटीत वाद सुरू झालाय. पोऱ्या म्हणजे बारा-तेरा वर्षाचा मुलगाच ना? एक जण म्हणतोय की लहान मुलाच्या खांद्यावर गोणी दाखवली तर पेपरवाले फोटो काढतील, मंडळाचं नाव खराब, त्यापेक्षा मोठा माणूस दाखवा.

ठाकूरद्वारची_काकू

मोठा माणूस दाखवलात तर खोटं होईल. आमच्याकडे येणारा माझ्या धाकट्या भावाएवढा होता आणि भाऊ तेव्हा सातवीत. राजस्थानातून आलेला, दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपायचा, गावाला वर्षातून एकदा. आई त्याला ताक द्यायची आणि मला म्हणायची बघ तो किती काम करतो, आणि मला तेव्हा ते ऐकून त्याचा रागच यायचा. तो शाळेत का जात नाही हे आमच्या घरात कोणाच्याच तोंडून आलं नाही हो, आणि आमच्या घरात दोन मास्तर होते.

खडूस_काका_मुलुंड

काकूंशी चक्क सहमत, तारीख लिहून ठेवा. १९८६ ला कायदा आला त्यात पण बंदी फक्त धोक्याच्या कामांपुरती, किराणा दुकानातल्या पोराला ती लागूच नव्हती. चौदाच्या आतल्याला जवळजवळ सगळीकडेच बंदी आली ती २०१६ ला. म्हणजे तुम्ही दाखवताय त्या काळात हे दोन्ही नव्हतंच. जसं होतं तसं दाखवा आणि खाली पाटी लावा हीच दोन वर्षं लिहून. पेपरवाल्यांना फोटो काढायचाच असेल तर पाटीसकट काढू दे.

आणि आता सगळं चांगलं झालंय असंही दाखवू नका. आमच्याच सोसायटीत परवा ॲपवाला पोरगा दोन्ही हातात दहा-दहा किलो घेऊन जिन्याने वर गेला कारण सामानवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही असा बोर्ड आहे. सातवा मजला. बोर्ड काढा म्हणून मी मीटिंगमध्ये बोललो तर सेक्रेटरी म्हणाले लिफ्टचा मेंटेनन्स कोण देणार. वाण्याच्या पोऱ्याला निदान नावाने हाक मारायचे लोक, याचं नाव मोबाईलवर येतं तरी कोणी वाचत नाही.

बिलिंग_काउंटर_नं_४

आमच्याकडे पण तोच बोर्ड आहे. आम्ही सध्या वॉचमनच्या टेबलावर पाण्याचा जार ठेवायला लावलाय, तेवढंच झालं.

मंडळवाले, गोणीत खरं वजन भरणार का? नुसता पेंढा भरलात तर ती गोणी खांद्यावर बसत नाही, फुगते, लगेच कळतं. खाली थोडी वाळू टाका म्हणजे गोणी खांद्यावर दोन्ही बाजूंना वाकेल. आणि पुतळ्याचा एक हात वर गोणीच्या तोंडाला धरलेला, दुसरा कठड्यावर.

शिवडीकर_मंडळवाला

ठरलं. पोऱ्या तेरा वर्षाचाच, पाटीसकट. कमिटीत सहा विरुद्ध चार मतांनी पास, अध्यक्ष रुसलेत पण येतील. मंडईतली_भाजी, तुमची ती वेताची पाटी पण देता का, दुकानाबाहेर नारळ ठेवायला वापरू, परत आणून देईन.

आता शेवटचं खरेदीचं. दोऱ्याची मोठी रीळ आणि जुन्या पद्धतीचा पितळी तराजू कुठे मिळेल? रविवारी दोन पोरांना घेऊन निघतोय.

मंडईतली_भाजी

पाटी कधीही न्या, मेसेज करते. दोरा आणि कागदाला अब्दुल रहमान स्ट्रीट, तराजूला तिथूनच पुढे पायधुनीला तांबाकाट्याला विचारा, नाहीतर चोर बाजार. पण रविवारी नका जाऊ, तिकडची बरीच होलसेल दुकानं बंद असतात. शनिवारी सकाळी जा, मस्जिदला उतरून चालत.

ठाकूरद्वारची_काकू

शनिवारी मी पण येते, भावाकडे जायचंच आहे तिकडे. रीळ घेताना दोरा मी बघेन, नायलॉनचा गळ्यात मारतील, तो तुटत नाही. कच्चा सुती हवा.